एकोणसाठ कोरी पानं

१

फडक्याची गाठ सुटली, बस्ता उघडला, आणि आत खटला नव्हता.

कव्हर होतं. कव्हरावर खटल्याचा नंबर होता, एक्केचाळीस. वर्ष होतं, आरोपीचं नाव होतं, मयताचं नाव होतं, ‘जन्मठेप’ असा शिक्का होता. आत दोऱ्यात ओवलेली एकोणसाठ पानं होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल शाईनं गोलात नंबर घातलेला. एक, दोन, तीन, थेट एकोणसाठ. त्या नंबरांखाली एक अक्षर नव्हतं. पानं कोरी. एखाद्या माणसाचे कपडे खुंटीला नीट टांगलेले असावेत आणि माणूसच घरात नसावा, तसं ते दिसत होतं.

“हे काय?” काजवालीनं विचारलं.

काजवाली शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. हिचा भाऊ एकोणीस वर्षं तुरुंगात होता. गोदामाला आग लावली, आत रखवालदार जळून मेला, असा त्याच्यावर आरोप. फेरविचाराचा अर्ज पाच वेळा परत आल्यावर सहाव्यांदा दाखल झाला होता आणि त्याची सुनावणी सोमवारी होती. आज गुरुवार. मूळ कागद समोर नसतील तर अर्ज निकाली काढू, असं न्यायाधीशसाहेबांनी लिहूनच दिलं होतं. निकाली काढू म्हणजे गाडून टाकू. कोर्टात सगळ्या गोष्टींना सभ्य शब्द असतात.

तिच्या शेजारी उभी होती शोधबाई. एके काळी हिनं कोर्टाच्या याच इमारतीत झाडू मारला होता. दारांवरच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकली, अक्षरांवरून कायदा शिकली, आणि आता फाटकापाशी टेबल टाकून लोकांना जुने खटले शोधून द्यायची. वकील तिला हसायचे. अडलं की मात्र मागच्या दारानं तिच्याकडेच यायचे.

शोधबाईनं पानं चाळली. कोणी रागावलं की आवाज चढतो, हिचा उतरायचा.

“दप्तरदार,” ती हळू म्हणाली, “हा खटला कुठाय?”

खिडकीमागच्या दप्तरदारानं चष्मा वर केला. “तुमच्या हातात आहे की. एकोणसाठ पानं. मोजून दिलीत, मोजून घेईन.”

“कोरी आहेत.”

“हो?” तो जरा वाकून बघायला लागला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “पण... मोजली तेव्हा बरोबर भरली होती!”

खटल्याचे कागद सगळ्यांचे असतात. कोणीही अर्ज करावा, बघावे, नक्कल घ्यावी. बाहेरच्या पाटीवर तसं लिहिलंय. पाटीखाली खिडकी आहे, खिडकीत माणूस आहे, आणि तो माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘तुमचा काय संबंध?’ हा प्रश्न विचारायचा त्याला कोणी हक्क दिला हे आजवर कोणी विचारलं नाही. शोधबाईनं विचारलं होतं. तेव्हापासून दप्तरदार तिच्याशी जपून बोलायचा.

“बघणाऱ्यांची वही काढा,” ती म्हणाली.

वही आली. खटला एक्केचाळीस कोणी कोणी बघितला? गेल्या नऊ वर्षांत नऊ वेळा. नऊही वेळा एकच तारीख, आगीची. नऊही वेळा एकच नाव.

काजवालीनं ते वाचलं आणि भिंतीला हात लावला.

नाव रखवालदाराचं होतं. जळून मेलेल्याचं.

२

“मी सांगितलं होतं की नाही?” उंट म्हणाला.

उंट म्हणजे दप्तरखान्याचा शिपाई. मान लांब, पाय लांब, जीभ त्याहून लांब. शेवटच्या कपाटाच्या रांगेत तो कधी एकटा जायचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्याला हसायचे.

“काय सांगितलं होतंस?”

“तो येतो म्हणून. दर वर्षी येतो. कोपऱ्यातल्या खिडकीशी बसतो, तिकडे. टोपी इथपर्यंत.” उंटानं भुवईवर आडवा हात धरला. “गळ्याला मफलर. उन्हाळ्यातसुद्धा मफलर, मावशी! कोणाशी बोलत नाही. अर्ज सरकवतो, बस्ता घेतो, तासभर बसतो, जातो. आणि वास येतो त्याला.”

“कसला?”

“जळका.”

काजवालीच्या तोंडून “अगं बाई” निघालं. शोधबाईनं तिच्याकडे बघितलं नाही. ती त्या कोपऱ्याकडे बघत होती. उंच खिडकी, घासून गुळगुळीत झालेलं टेबल, वर मंद फिरणारा पंखा. कपाटांच्या रांगा अंधारात आतवर गेलेल्या. हजारो बस्ते, प्रत्येकात कोणाचा तरी संसार, कोणाची फाशी, कोणाची काडीमोड, आणि सगळे गप्प. या खोलीत मेलेले येऊन बसत असतील तर ते चुकीच्या ठिकाणी आले असं म्हणता येणार नाही, असं तिच्या मनात आलं. आणि तिचा तिलाच राग आला.

“पाय होते का त्याला?” तिनं विचारलं.

“अं?”

“भुताला पाय नसतात म्हणतात. होते का?”

उंट विचारात पडला. “बूट होते. जाड तळव्याचे. फरशीवर काळे ठसे उमटायचे, मलाच पुसावे लागायचे.”

“भुताचे ठसे पुसलेस? शाबास. पगार वाढवून माग.”

उंटाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. “चेष्टा करा तुम्ही. मी एकदा मागं उभा होतो. तो पान उलटत होता आणि खोकत होता, आणि स्वतःशीच बोलत होता. ऐकलं मी.”

“काय म्हणत होता?”

“‘दार उघड,’ म्हणत होता. ‘दार उघड.’ आता तुम्हीच सांगा, दार उघड असं कोण म्हणेल? जो आत अडकून मेला तोच ना?”

कुठेतरी एक बस्ता आपल्याच वजनानं कपाटात कलला आणि उंटानं शोधबाईची बाही धरली.

३

दप्तरदारानं दार लावून घेतलं आणि पाणी प्यायला.

“माझी नोकरी जाईल, बाई. दोन वर्षं राहिलीत.”

“हिचा भाऊ एकोणीस वर्षं आत आहे. नोकरीचं नंतर रडा. माणूस यायचा, तुम्ही अर्ज घ्यायचा. अर्जावरचं नाव कव्हरावरही आहे. तिथं नावापुढे ‘मयत’ लिहिलंय. दिसलं नाही?”

“मी नाव अर्जावर बघतो. कव्हरावर नंबर बघतो.”

“आणि पानं?”

“मोजतो. देताना मोजतो, घेताना मोजतो. कोपऱ्यातला नंबर बघत जायचं, एक ते एकोणसाठ. माझ्या आधीचे दप्तरदार असंच करायचे. त्यांच्या आधीचेही.” तो जरा चिडला. “वाचायचं काम माझं नाही! इथं वाचत बसलो तर...”

“तर काय?”

“तर वेड लागेल,” तो म्हणाला, आणि त्या दिवसातलं हे एकच खरं वाक्य तो बोलला.

काजवाली बाहेर येताच शोधबाईच्या कानाशी लागली. “यानंच केलंय. किल्ल्या याच्याकडे. कुठल्या तरी मोठ्या माणसानं सांगितलं असणार.”

“मोठ्या माणसाकडे जाऊ या.”

मोठा माणूस म्हणजे वकीलसाहेब. गोदाममालकाचे वकील. त्या खटल्यात सरकारी वकिलाच्या कानाशी बसून साक्षीदार कोणते, प्रश्न कोणते, सगळं यांनीच ठरवलं असं लोक म्हणायचे. गोदाममालक चार वर्षांपूर्वी वारला, हे मात्र ठणठणीत होते. ऑफिसात थंड हवा, भिंतभर पुस्तकं. त्यांतल्या कित्येकांची पानं अजून कापलेलीसुद्धा नव्हती.

“बस, बस,” ते म्हणाले. शोधबाईला ते झाडूवाली असल्यापासून एकेरीत बोलायचे. “ऐकलं मी. गावभर झालंय. मीच चोरला म्हणतेस?”

“विचारायला आलेय.”

“मी तो खटला जिंकलो. जिंकलेला माणूस निकाल चोरत नाही, फ्रेम करून लावतो.” ते आपल्याच वाक्यावर हसले. “शिवाय मला बस्ता बघायचा असता तर फोन केला असता, दप्तरदार इथं घेऊन आला असता. मेलेल्याच्या नावानं सही करायची वेळ गरिबावर येते.”

शोधबाई उठली. दाराशी थांबली.

“हे शेवटचं तुम्ही खरं बोललात, साहेब,” ती म्हणाली. “रखवालदाराला ओळखत होता?”

“मेल्यावर ओळख झाली,” वकीलसाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर वळवली.

४

शुक्रवारी सकाळी दप्तरखाना उघडला तेव्हा शोधबाई पायरीवर बसलेली होती.

तिनं कोपऱ्यातलं टेबल घेतलं, त्या खिडकीशेजारचं. दोरा सोडवला आणि एकोणसाठ कोरी पानं उजेडात एकेक करून मांडली. काजवाली समोर बसून बघत होती. ती सोमवारपर्यंतची रजा टाकून आली होती. दुसरी मिळणार नव्हती.

“कोऱ्यात काय वाचताय?”

“तू कापडातली माणूस. शंभर शर्ट समोर टाकले, सगळे पांढरे, तर नवा कोणता आणि जुना कोणता सांगशील?”

“डोळे मिटून.”

“मग उघडून सांग.”

काजवालीनं पहिलं पान उचललं, दुसरं उचललं. तिच्या बोटांना कळायला वेळ लागला नाही. “हे जुनं. हे त्याहून जुनं. हे तर याच वर्षीचं, अजून कडक आहे.” ती भराभर गठ्ठे लावायला लागली. दोऱ्याच्या टोकाला पत्र्याची टोपी असते, तिचा गंज भोकाशी लागतो. जितकं पान जुनं, तितका गंजाचा डाग मोठा. रंग आणि गंज दोन्ही एकच सांगत होते.

टेबलावर नऊ गठ्ठे झाले. आठ गठ्ठ्यांत सात-सात पानं. एकात फक्त तीन, सगळ्यांत पिवळी.

“नऊ वेळा आला,” शोधबाई म्हणाली. “दर वेळी पानं काढली, तितकीच कोरी घातली. कोपऱ्यात नंबर टाकले. इथं कोणी वाचत नाही, फक्त मोजतात, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणजे दप्तरदार नाही.”

“कसं काय?”

“घरचा चोर पोतं एकदम उचलतो. मूठमूठ नेतो तो बाहेरचा.” तिनं ती तीन पिवळी पानं पुढे ओढली. “आणि चोर पहिल्यांदा काय नेतो? ज्यासाठी आला ते. बाकीचं पुढे. ह्यांचे नंबर बघ.”

बावीस, तेवीस, चोवीस.

कोणत्या पानावर काय आहे याची यादी बस्त्यात पहिल्याच पानावर असते, आणि ते पानही कोरं होतं. पण सरकारी कागदाची एक खोड आहे. तो एकटा कधी नसतो. एक कागद निघाला की त्याची सावली चार वह्यांत पडते, आणि चोराला हे माहीत नसतं, कारण त्या वह्या बघायलाही अर्जच करावा लागतो. शोधबाईनं अर्ज केला. खटल्यांची मोठी वही आली. धूळ झटकून उंट लांब उभा राहिला.

पान बावीस ते चोवीस: साक्षीदार चार, गोदामातला कामगार. याच साक्षीदारानं शपथेवर सांगितलं होतं की आरोपीला आगीच्या वेळी मागच्या फाटकापाशी हातात लोखंडी कांब घेऊन बघितलं, तो फाटक बंद करून पळत होता. बाकी पुरावा म्हणजे बडबड. माणूस आत गेला तो या तीन पानांवर.

“कुठं राहतो हा?” काजवाली उठून उभी राहिली.

“समन्स बजावल्याची वही आणा,” शोधबाई उंटाला म्हणाली.

समन्स ज्याच्या हातात दिलं त्याचा पत्ता बेलिफ लिहून ठेवतो. बेलिफानं लिहिलं होतं. शोधबाईनं ओळीवर बोट ठेवलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग तारीख बघितली. आगीला तेव्हा फक्त चार महिने झाले होते.

“अगं, हा तर गोदामात कामाला होता ना? साक्ष द्यायच्या आधीच ह्याला नवी नोकरी लागली.”

“कुठं?”

“मोठ्या रुग्णालयात. आणि त्या रुग्णालयाच्या मंडळावर कोण होतं माहितेय? गोदाममालक.” ती उंटाकडे वळली. “तुझ्या भुताला जळका वास का येतो ते सांगू?”

उंटानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

वहीत लिहिलं होतं: बॉयलरघर.

५

रुग्णालयाच्या मागं, धुण्याच्या खोल्यांच्या पलीकडे, खाली उतरायच्या नऊ पायऱ्या होत्या. खाली धग होती, गोंगाट होता आणि कोळशाची काळी भुकटी होती. भट्टीच्या दाराशी एक म्हातारा उभा होता. टोपी भुवयांपर्यंत, गळ्याला मफलर. भट्टीची धग सोसायची सवय झाली की बाहेरची हवा बोचते. असे लोक उन्हाळ्यातही गळा झाकतात.

त्यानं दोघींना बघितलं. काजवालीकडे जरा जास्त वेळ. तिचा चेहरा भावासारखा होता.

“या,” तो म्हणाला. “उशीर केलात.”

काजवाली पुढं झेपावली. शोधबाईनं तिला दंडाला धरून मागं ओढलं, पण तोंड कोण धरणार? “हरामखोर! एकोणीस वर्षं! आई त्याची वाट बघत गेली. तू इथं शेक घेत बसलास?”

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मग कोपऱ्यातली पत्र्याची पेटी ओढली. वर जुना कोट, त्याखाली ब्लँकेट, त्याखाली कागद. एक ते एकोणसाठ, क्रमानं लावलेले, एकाही कोपऱ्याला दुमड नाही. दप्तरदारानं सुद्धा इतके नीट ठेवले नसते.

शोधबाई पेटीकडे बघत राहिली आणि मग भट्टीकडे. दार उघडं होतं, आत पांढरी आग.

“जाळले का नाहीत?”

“नऊ वर्षं रोज जाळतोय.” म्हातारा खोकला. “कागद हातात घेतो, दार उघडतो, आणि आतून तो खोकतो. तो त्या दिवशी खोकत होता, बाई. फाटकाच्या आत. ‘दार उघड, दार उघड.’ किल्ली माझ्या खिशात होती. माल चोरीला जातो म्हणून मालकानं मागचं फाटक बाहेरून लावायला सांगितलं होतं. मी लावलं, आणि आग कशी लागली ठाऊक नाही, धूर बघून पळालो. लांब जाऊन वळून बघितलं तर हिचा भाऊ कुलपावर कांब मारत होता. आत घुसायला. माणूस काढायला.”

भट्टी घरघरत होती.

“म्हणजे तू त्याला बघितलं ते खरं,” शोधबाई म्हणाली.

“तेवढंच खरं. कुलूप तोडत होता, मी सांगितलं लावत होता. एवढाच फरक केला. मालक म्हणाला, किल्ली तुझ्याकडे होती, आत तू जाशील. नाही तर हे सांग. माझी पोरगी तेव्हा पाच वर्षांची, काळजाला भोक. इथं खाट मिळाली, ऑपरेशन झालं, मला नोकरी मिळाली. पोरगी आता वर तिसऱ्या मजल्यावर नर्स आहे.” त्यानं वर बघितलं. “तिला यातलं काही माहीत नाही.”

“मग दहा वर्षांनी कागद बघायला का गेलास?”

“झोप येईना. माझी साक्ष नुसती बघू म्हटलं. खिडकीत विचारलं, तुमचा काय संबंध? साक्षीदार आहे म्हणायची छाती झाली नाही. अर्जावर नाव टाकायला हात थांबला, आणि एकच नाव डोक्यात होतं, तेच लिहिलं. वाटलं, हे लोक कव्हर बघतील आणि मला धरतील. बरं होईल, धरलं तर.” तो कसंनुसं हसला. “कोणी बघितलंच नाही. मग माझी तीन पानं काढून आणली. वाटलं, सुटलो. पण निकालात माझं बोलणं पुन्हा लिहिलेलं होतं, वकिलाच्या भाषणात पुन्हा. दर वर्षी थोडं थोडं आणत गेलो. आणि मग एकतिसावं पान हाताला लागलं.”

त्यानं ते स्वतःच काढून दिलं. जळलेल्या जागेची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याची टिपणी. शोधबाईनं मोठ्यानं वाचलं, ओळीवर बोट फिरवत, शिकली होती तसं.

‘मागच्या फाटकाचं कुलूप बाहेरून बंद स्थितीत. कुलपावर बाहेरच्या बाजूनं लोखंडी वस्तूचे ताजे घाव, अकरा.’

अकरा घाव. आग लावणारा माणूस बाहेरून कुलूप लावून मग त्याच कुलपावर अकरा घाव कशाला घालील? एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता तर खटला तिथंच संपला असता. पान बस्त्यात होतं. साहेबाच्या समोर होतं, दोन्ही वकिलांच्या समोर होतं. नंतर वर्षानुवर्षं सगळ्या जगाला उघडं होतं, अर्ज करा आणि बघा. सगळ्यांनी ते मोजलं होतं.

“सोमवारी यायचं,” शोधबाई म्हणाली. “कागदांबरोबर तूही.”

“कागद घेऊन जा. मला...”

“कागदांनी अर्ज जगेल, माणूस सुटायचा नाही. घावांचा अर्थ वकील काहीही लावतील. तुझं तोंड पाहिजे.”

“पोरीला कळेल.”

“कळू दे!” काजवाली किंचाळली. “माझ्या आईला काय काय कळलं माहितेय?”

म्हाताऱ्यानं भट्टीचं दार लावलं. त्या एका आवाजानं तो दचकला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पायऱ्या चढून त्या वर आल्या तेव्हा पेटी शोधबाईच्या डोक्यावर होती आणि तो येणार की नाही हे तिलाही माहीत नव्हतं.

६

सोमवारी तो आला. बरोबर पांढऱ्या कपड्यांतली एक तरुण बाई होती. ती मागच्या बाकावर बसली आणि तिनं कोणाकडे बघितलं नाही.

दप्तरदारानं एकोणसाठ पानं साहेबांसमोर ठेवली. मोजली नाहीत. साहेबांनी एकतिसावं पान वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हातारा पिंजऱ्यात उभा राहिला आणि दोन्ही हातांनी कठडा धरून त्यानं किल्लीपासून खाटेपर्यंत सगळं सांगितलं. साक्ष पढवणाऱ्या वकीलसाहेबांच्या नावाशी आला तेव्हा खोलीत कुजबुज झाली. वकीलसाहेब त्या दिवशी आजारी होते.

काजवालीच्या भावाला आणलं होतं. केस पांढरे, खांदे पुढं आलेले. म्हातारा बोलत होता तेव्हा हा फक्त ऐकत होता, दुसऱ्या कोणाची गोष्ट चालली आहे असं. साहेबांनी विचारलं, तुम्हाला काही बोलायचंय?

तो म्हाताऱ्याकडे वळला. “मी मारत होतो तेव्हा तो आतून बोलत होता. मला वाटायचं, फक्त मलाच ऐकू येतं. तुलापण यायचं?”

“येतं,” म्हातारा म्हणाला. “अजून.”

“बरं. मला वाटलं मी वेडा झालोय.” मग त्यानं म्हाताऱ्याकडे पाठ केली आणि पुन्हा बघितलं नाही. साहेबांना म्हणाला, “पाणी मिळेल का?”

पावणेतीनला हुकूम झाला. शिक्षा स्थगित, आरोपीला आजच सोडावं. म्हाताऱ्याला पोलीस खाली घेऊन गेले. पांढऱ्या कपड्यांतली बाई मागोमाग गेली, दहा पावलं अंतर ठेवून.

काजवाली रडली नाही. तिनं फक्त विचारलं, “आता?”

“आता नक्कल,” शोधबाई म्हणाली. “शिक्क्याची नक्कल तुरुंगात दिल्याशिवाय ते सोडत नाहीत. साडेपाचला तिथलं ऑफिस बंद होतं.”

नक्कल विभागाच्या खिडकीत एक नीटस कारकून बसला होता. त्यानं अर्ज घेतला, तारीख टाकली, बशीतून चहा ओढल्यासारखा श्वास घेतला.

“गुरुवारी या.”

“हुकूम आजचा आहे,” शोधबाई म्हणाली.

“हुकूम आजचाच राहील, कुठं जात नाही. टाइप व्हायचं, तपासायचं, शिक्का व्हायचा. माझ्याकडे अडुसष्ट नकला आधीच्या आहेत. एवढी वर्षं थांबलात, तीन दिवसांनी काय होतंय?”

शोधबाईनं तोंड उघडलं. आयुष्यभर ती अशा खिडक्यांशी बोलत आली होती आणि तिच्याजवळ कलमं होती, नियम होते, पोटनियम होते. पण कारकुनानं वर हात करून पत्र्याचं शटर खाली ओढायला घेतलं होतं.

काजवालीनं खिडकीत हात घातला. कोपरापर्यंत.

शटर तिच्या दंडावर येऊन थांबलं.

“अहो, हात काढा!”

“नाही.”

“लागेल, बाई.”

“लागू दे.”

“शिपायाला बोलावतो मी!”

“बोलाव.” तिचा आवाज चढलाच नाही. “ह्याच हातानं दिवसाला दोनशे काजं करते. एक चुकलं तर अख्खा शर्ट परत येतो, उसवून पुन्हा करावा लागतो. तुमचं चुकलं त्याचं काय केलंत? ओढ शटर. तोडायचा असेल तर तोड. तुटलेला हातसुद्धा इथंच राहील.”

रांगेतले लोक जवळ सरकले. उंट कुठूनसा आला आणि तिच्या मागं उभा राहिला, छातीवर हाताची घडी घालून. कारकुनानं त्याला बोलवायला तोंड उघडलं आणि मिटलं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिच्या दंडावर शटरच्या कडेची लाल रेघ उमटत होती आणि बोटं कारकुनाच्या टेबलावर पालथी पडली होती, सुयांनी भोकं पडून टणक झालेली.

कारकून त्या बोटांकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला, अडुसष्ट अर्ज बाजूला सारले आणि मशीनमध्ये कोरा कागद चढवला.

पहिला खटका वाजला. तिनं हात काढला नाही.